एकोणीस इंच

दिवाळ्याच्या खाडीत ओहोटी.
टिटवी चिखलात एका कुशीवर कललेली,
आणि आत केबिनमध्ये हसुराम सुतार
तिसऱ्यांदा विचारतोय,
"मॅडम, इथं भोक पारू का नको?"

पेन्सिल कानावर. सागवानी फळीवर
बत्तीस इंचांचा चौकोन,
मी पाणसळ लावून आखलेला,
मोरेश्वरनं खोडलेला,
मी पुन्हा आखलेला.

मोरेश्वरकडे हिशेब तयार असतो.
चाळीस वॉट, बारा व्होल्ट,
चार तास पाहिलास तर तेरा अँपिअर-तास,
"तेवढ्यात डोलकाठीवरचा दिवा चार रात्री जळतो."
"मग दिवा बघत बसायचा?"
"समुद्र आहे की."
"रात्री?"

रात्री समुद्र कसा असतो ते त्याला माहीत आहे.
मी नुसतं ऐकलंय,
की दिसत काहीच नाही,
पाणी लाकूड चाटत राहतं.

मालदीवपर्यंत जायचंय, जमलं तर पुढे.
बाकी सगळं जागेवर बसलंय,
तांदूळ, कुळथाचं पीठ, लोणच्याच्या बरण्या
मोरेश्वरच्या जुन्या मोज्यांत घातलेल्या.
वाद उरलाय तो एवढ्या चौकोनाचा.

काल डेकवर चहा घेताना
कुणी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला,
सत्त्याऐंशी साली टँकरवर, मेसमध्ये व्हीसीआर आला.
त्याआधी जेवणं झाली की कॅरम.
फुर्तादो शिव्या द्यायचा,
कुंजुमोन बायकोची पत्रं
आम्हाला न कळणाऱ्या भाषेत मोठ्यानं वाचायचा,
भांडणं व्हायची, तोंडावरची, चांगली.
मग तीन कॅसेट. सहा महिने त्याच तीन.
सगळे एका दिशेला तोंड करून बसायला लागलो.
कुंजुमोनचं मूल गेलं
ते आम्हाला बंदर आल्यावर कळलं.
एजंटाकडून.

मी पाण्याकडे बघत राहिले.
माझ्याकडेही एक होतं,
त्याला कधी न दिलेलं.

नेरूळचा फ्लॅट. तेव्हा भोवती मातीचा भराव
आणि रात्री कोल्हे.
तू सात-सात महिने बाहेर.
शाळेतून आले की आधी टीव्ही लावायचे,
चप्पल मग काढायचे.
काहीही चालू असो, घरात एक
पुरुषाचा आवाज हवा.
बेल वाजली की तो मोठा करायचे
आणि मुक्ताला शिकवून ठेवलं होतं,
बाबा आत आहेत म्हणायचं.
एकदा तर आमटीत मीठ बरं पडलंय का
हे मी बातम्यावाल्याला विचारलं.

मोरेश्वर हसला नाही.
कप खाली ठेवून म्हणाला,
"मग? काय म्हणाला तो?"
"कपाशीचा भाव पडला म्हणाला."

आज हसुरामची पट्टी पुन्हा फळीवर.
"बत्तीस नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो
आणि दोघंही अडकलो,
कारण पुढचं ठरलेलंच नव्हतं.
"एकोणीस," मी.
"नांगर टाकलेला असेल तेव्हाच," तो.
"आणि कॅरम न्यायचा."
"बोटीवर? सोंगट्या घरंगळतील."
"घरंगळू देत. हुडकू."

हसुरामनं मोठ्या चौकोनात छोटा चौकोन आखला,
पाणसळ लावूनच,
त्यालाही घाई होती, घरी पाहुणे होते.
करवत उचलली.

तेवढ्यात तिवरांच्या मुळांतून पाणी आत आलं.
खालून एक दीर्घ सुस्कारा,
चिखल सुटल्याचा.
टिटवी हळूहळू कुशीवरून उठली, उभी राहिली,
स्टोव्हवरचं भांडं किणकिणलं,
आणि भिंतीवरचे दोन्ही चौकोन
वाकडे झाले.

हसुराम मान कलती करून बघत राहिला.
"बोट सरल झाली," तो म्हणाला,
"आता हे तिरपं हाय."
मोरेश्वर खोडरबर शोधायला लागला.