दोन विती उघडं

आइलर्ट आला तेव्हा मी मशीनला तेल देत होते.
ऑक्टोबरचा शेवट, चारलाच दिवा लावलेला,
आणि धक्क्यावर नैऋत्येचा पाऊस.
आमच्या ब्रन्नोयसुंडला पाऊस पडत नाही,
चालून येतो.

मापं विचारली, तर त्यानं खिशातून सुतळी काढली,
ओली, माशाचा वास येणारी, गाठी मारलेली.
पहिली गाठ नाळ. दुसरी पुढचा बाक.
तिसरी, जिथं ती सर्वांत रुंद होते.
चौथीशी तो जरा थांबला.
ती नंतर सांगतो, म्हणाला.

मी काउंटरवर कापडं पसरली.
हे निळं प्लास्टिक. स्वस्त.
वाऱ्यात रात्रभर कडकडतं, शेजारी शिव्या देतात,
दुसऱ्या हिवाळ्यात डोळे फाडून मोकळं होतं.
हे ॲक्रिलिक. दहा वर्षं उन्हात विटत नाही, अशी कंपनीची हमी.
(दोघंही खिडकीकडे बघून हसलो.)
आणि हे सुती, मेण चोळलेलं,
भिजलं की दोन माणसांना उचलत नाही,
पण श्वास घेतं.

निळं होतं गेल्या वर्षी, तो म्हणाला.
चारी बाजूंनी आवळून बांधलं, बर्फाचा कण आत जाऊ दिला नाही.
एप्रिलमध्ये सोडलं तर तळघराचा वास,
आणि बाकाखाली अळंबी, कानांसारखी,
जणू कुणी हिवाळाभर आत बसून ऐकत होतं.

मला माहीत आहे ते.
खारं पाणी होडीचं काही बिघडवत नाही,
चाळीस वर्षं ती त्यातच राहते, डांबराच्या एका हातावर.
तिला मारतं ते आभाळातलं, गोडं,
आणि तिचा स्वतःचा कोंडलेला घाम.

पांघरूण घालायला काय, सगळ्यांनाच येतं.
या गावात मी तीस वर्षं तेच करते आहे:
दिवाळं निघालेल्या कारखान्याची क्रेन,
घटस्फोटात अडकलेली पांढरी यॉट,
पाद्रीबुवांची मोटरबोट, जिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

मेणाचं घे, मी म्हटलं. तो हो म्हणाला.
मग चौथी गाठ.
पिछाडीला, कडेला, दोन विती उघडं ठेव.

मी भांडले. वारा शिरेल, पदर उचलेल,
जानेवारीत सुकाणूच्या जागी बर्फाची रास होईल,
मग हे सगळं मेण कशाला, ही दुहेरी शिवण कशाला?
तो कापडाचा कोपरा चोळत राहिला, अंगठ्यानं.

मेमध्ये ती येते, म्हणाला.

मला वाटलं, त्याची ट्रॉम्सोची मुलगी.
मग वाटलं, ती मास्तरीण, जी एक हिवाळा राहून गेली.
मी मशीनवरचं तेल पुसत राहिले, विचारलं नाही.

आयडर, तो म्हणाला. बदक.
होडी असते एका कुशीवर कललेली, काठ गवताला टेकलेला.
ती तिथून आत चढते.
शेवटच्या बाकाखाली बसते, छातीची पिसं उपटून अंथरते.
सात वर्षं झाली. तीच, नाहीतर तिची लेक,
मला दोघींतला फरक कळत नाही.
गेल्या वर्षी आली, तीन वेळा प्लास्टिकभोवती फिरली,
आणि गेली.

म्हणजे जूनअखेरपर्यंत होडी पाण्यात नाही?
नाही.
हॅलिबट?
शेजाऱ्याकडून विकत घेतो.
जरा ओशाळून म्हणाला हे.
मग विचारलं, मेणात तपकिरी आहे का,
हिरव्याला ती बुजेल.

होतं तपकिरी. मागच्या खोलीत, एकच तागा.

पण वीत कुणाची? माझा हात लहान.
मी त्याला पंजा कापडावर ठेवायला सांगितला,
बोटं पूर्ण ताणून, आणि खडू फिरवला,
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, दोनदा.
करंगळीला टोक नव्हतं,
कुठल्या तरी दोरात, कधीतरी, गेलेलं.
तेवढं मी अंदाजानं वाढवलं.