लाल रंगाची बाटली

पेटालुमाच्या वाचनालयात, तळघरात,
घडीच्या खुर्च्या अठरा, माणसं सात.
पडद्यावर बदकांचा बँड,
टर्की पोट हलवत ढोल बडवतो
आणि कोंबडा एक पाय मागं घेऊन
कोंबडीला विचारतो, येतेस?

व्हर्ना लिंडक्विस्ट, वय एक्क्याण्णव,
काठी गुडघ्यांत धरून पुटपुटते :
"तुरे माझे."

चित्रं पुरुष काढायचे, वरच्या मजल्यावर.
खाली पोरी रंग भरायच्या,
पांढरे हातमोजे, तीन बोटं कापलेले,
पारदर्शक पानाच्या उलट्या बाजूनं.
आठ मिनिटांच्या नाचासाठी
व्हर्नाला चार महिने फक्त लाल.
नावांच्या पाटीत वरचा मजला तेवढा मावला.

दिवे लागल्यावर एक मुलगी विचारते,
कोंबडीची ती गिरकी कुणाला सुचली?

बापाच्या परसात बघितलेली, व्हर्ना सांगते.
दर शनिवारी.
ओंडक्यापासून कुंपणापर्यंत
अश्शीच जायची, पंख फुलवून, तिरकी,
मुंडकं ओंडक्यापाशी ठेवून.
जेवणाच्या सुट्टीत मी करून दाखवली,
ॲप्रनची टोकं धरून.
वरच्या साहेबाला फार आवडली.
त्यानं तिला डोकं दिलं,
लांब पापण्या दिल्या,
लाजायला शिकवलं.

मुलगी वहीत काही लिहीत नाही.

पुन्हा लावा, व्हर्ना म्हणते.
गिरकीच्या मधोमध एका चौकटीत
तुरा कोराच आहे.
डोळ्याला सापडत नाही इतका थोडा वेळ.

विसरलात?

व्हर्ना पडद्याकडे बघत राहते.
टर्की ढोल उचलतो.