असामी १

रुमाल सोडायची एक रीत असते.
सणस ती दोनदा दाखवतात, तिसऱ्यांदा दाखवत नाहीत.
गाठ ओढायची नाही, ढिली करायची,
झोपलेल्या मुलाच्या मुठीतून
किल्ली काढून घ्यावी तशी.

आत कागद. मोडी.
आधी पानभर रेघ मारून घेतलेली
आणि मग तिला अक्षरं लटकलेली, वटवाघळांसारखी.
शब्द कुठे संपतो ते कारकुनाला ठाऊक होतं,
मला सांगायचं त्याला काही कारण नव्हतं.
पहिल्या दिवशी 'घोडा' लावायला अख्खी दुपार गेली,
आणि तो घोडा नव्हताच,
जोडा होता.

विषय: महाराष्ट्रातील बुरूड समाज.
उमराणी मॅडम म्हणाल्या, फार मोठा आहे, लहान करा.
मग पुण्यातील. मग एका आळीतील.
माझं आडनाव विषयातच आहे
हे त्यांच्या लक्षात आलं, पण बोलल्या नाहीत.
लहान करत करत
मार्चअखेर मी एका ओळीवर आले:

छ १३ रबिलाखर. सुपे ७, बुरूड असामी १.
पैकी किडकी २ निघाली, सबब दाम कापिले.

त्याच पानावर हत्तीचं नाव आहे. रामबाण.
माहुताचं आहे, माहुताच्या मुलाचंही आहे,
त्याला ताप आला होता म्हणून.
सुपांवाला फक्त असामी.
आणि पुढे एकचा आकडा,
घाईत काढलेला, शेपूट लांबलेली.

संध्याकाळी आळीत गेले.
गेनबा ओट्यावर बसून बांबूच्या कांबी काढत होते.
कागदपत्रं विचारली की ते नेहमी एकच सांगतात,
तेव्हा आम्ही नदीकडेला राहायचो.
एकसष्टला धरण फुटलं.
बाकीचं मी समजून घ्यायचं.

आज मी विचारलं नाही, वाचून दाखवलं.
सुपं सात, किडकी दोन.
कोयता थांबला.
"तारीख काय म्हणालीस?"
छ तेरा. म्हणजे चंद्राची तेरावी रात्र.
"मग बरोबर. चांदण्यात तोडलाय बांबू.
चांदण्यातल्या बांबूत गोडी उतरते, कीड धरते त्याला.
अंधाऱ्यात तोडतात शहाणी माणसं.
वरून तगादा असणार. थांबा म्हणायची सोय नसणार."
मग त्या माणसावरच चिडले,
जणू कालच समोरच्या दारात राहत होता:
"पाचच द्यायची की रे, गाढवा."

दोन-अडीचशे वर्षांत
त्याच्याशी कोणी बोललं असेल
तर ते हे.

मॅडम म्हणाल्या, साधन?
मी म्हटलं, मौखिक.
त्या म्हणाल्या, मग तळटीपेत घाला, मुख्य मजकुरात नको.
घातलं. टीप ४३.
पानाचा अर्धा भाग तिनेच खाल्ला,
वर मजकूर उरला चार ओळी.

नाव द्यावंसं वाटलं होतं, खोटं का बोलू.
रात्री वहीच्या मागच्या पानावर तीन लिहून पाहिली.
गेनबांना सांगितलं तर हसले, "माझंच लाव.
मलाही कोण विचारतंय."
तिन्ही खोडली.
टीपेत त्यांचं मात्र पूर्ण लिहिलं,
गेनबा रखमाजी वडिलांच्या आडनावासकट,
वय अंदाजे ऐंशी, व्यवसाय चालू.

शेवटच्या दिवशी सणसांनी गाठ मला मारू दिली.
कागद सारखे करताना
काहीतरी चकाकलं आणि टेबलावर पडलं:
वाळू. शाई सुकवायला टाकलेली,
अक्षरांना चिकटून राहिलेली, मुठेची असावी.
ज्या नदीने आमच्या पेट्या नेल्या
तिनेच ही ओळ पुसू दिली नव्हती.

दारात पिशवी तपासतात.
वही उलटसुलट पाहिली, पेन्सिल पाहिली, जा म्हणाले.
बसस्टॉपवर नखात
काहीतरी खुपत होतं,
मी काढलं नाही.