पारपत्य

शिक्षा काय, कुणालाही होते.
खोडी मागच्या बाकावरची, छडी पुढच्याच्या हातावर,
झाली शिक्षा.
पारिपत्याला मात्र आधी लायकी लागते,
ते कमवावं लागतं.
आमच्या गावात हा शब्द
एकाच घरापुरता उरला होता.
आमच्या.

पणजोबा फोंडू.
माउलीच्या देवळातला मोडी कागद
तोपिनकट्टीकर गुरुजींनी भर गावकीत वाचला,
आजोबा तेव्हा चड्डीत होते.
'फोंडू बिन रायाप्पा'
पुढं कसरीनं खाल्लेलं भोक, जोंधळ्याच्या दाण्याएवढं,
मग 'पारपत्य केले असे.'
गुरुजींनी चष्मा पुसला आणि भोक भरलं:
चे.
रायाप्पाचे.

तेव्हापासून देवळात आम्ही शेवटच्या खांबाला.
खोबऱ्याची वाटी आमच्यापर्यंत येईतो
ताटात नुसती करवंटी.
आजोबा बाजारातनं आले की चिल्लर तीनदा मोजत,
एखादा पैसा जास्त निघाला तर
कंदील घेऊन रात्रीच परत फिरत.
बाबांनी दुसऱ्याच्या बांधावरचा आंबा
पडलेलासुद्धा उचलला नाही.
आणि मी?
मी अंथरुणात पडून फोंडूला चोऱ्या करायला लावायचो.
कधी घंटा, कधी देवीचा चांदीचा डोळा.
एकदा तर अख्खी पालखी
त्यानं एकट्यानं खांद्यावर टाकून
कणकुंबीच्या रानात नेली.
एवढ्या मोठ्या शब्दाला शोभेल
असा चोर हवा होता मला.

परवा खानापुरात, कचेरीसमोर, झेरॉक्सच्या रांगेत
गंगव्वाबाई खांद्यावरनं डोकावल्या.
बैलहोंगलच्या. तलाठी होत्या, आता रिटायर.
'काय वाचूलालास?'
मोडीखाली गुरुजींनी बाळबोधीत उतरवलेलं,
ते दाखवलं, गोष्टही सांगितली.
बाई हसत सुटल्या, पदर तोंडाला.
'अय्यो, पारुपत्या!
शिक्षा कुठली रे? आमच्यात पारुपत्य म्हणजे कारभार.
देवळाच्या किल्ल्या, तेल, तांदूळ, हिशेब.
चे कशाला? ने घाल की तिथं.
रायाप्पाने.
तुमचा मुत्त्या मानकरी होता,
आणि तुम्ही लाजून बसून सोडलासा!'

च आणि न.
भोकात दोन्ही बसतात,
मी काडीनं मोजून बघितलं.

आनंद व्हायला पाहिजे होता.
पण कुणाला जाऊन सांगू?
गुरुजी गेले. पहिल्या खांबाला
आता ग्रॅनाइट आहे आणि कॅमेरा.
आणि आजोबांचा तो कंदील,
न झालेल्या चोरीची भरपाई करत
उभ्या आयुष्यभर रात्रीचा हिंडलेला,
तो कुणाच्या नावावर मांडू?
खरं सांगायचं तर पालखीही गेली.
रानात पोचलेला माझा फोंडू
कमरेला किल्ल्या लावून परत आला
आणि तांदूळ मापायला बसला.

मग वाटलं, किल्ल्या होत्या म्हणजे
आधी ने, आणि मागाहून चे,
असंही झालं असेल.
गंगव्वाबाईंना म्हटलं.
'असंल,' त्या म्हणाल्या, 'माणूसच की तो.'
आणि माझ्या पुढं घुसून
पेन्शनचा कागद पोराच्या हातात दिला.

माझा नंबर आला. पोरानं प्रत उजेडात धरली:
'मामा, भोक काळं उठूलालंय. चालतंय?'
चालतंय, म्हटलं.
दोन काढ.