दोन इंच जागा

रात्रीचा दीड. पहिल्या पानावर दोन इंच जागा उपाशी,
आणि फोरमन आग्नेल माझ्याकडे असा बघत होता
जणू ती मीच खाल्ली.

बातमी अशी: कुंभारजुव्याच्या धक्क्याशी होडी कलंडली,
कुणीतरी उडी टाकून तीन पोरं वर काढली
आणि अंग न पुसता चालतं झालं.
बातमीदाराचं मराठी कच्चं. मी शुद्ध केलं:
चालता झाला.
नाव नाही, गाव नाही, फोटो तर नाहीच.
खणात हात घातला, एक ब्लॉक लागला:
जाड मिशा, आवरलेलं हसू,
फणसांच्या प्रदर्शनात पहिला नंबर, गेल्या मे महिन्यात.
दुलबा तारी.
म्हटलं, तारी म्हणजे पोहणाराच.
इतकाच माझा तपास.

सकाळी सातला त्याच्या अंगणात बँड.
दहाला पंचायत, शाल, श्रीफळ,
त्याच्या फणसाहून जड हार.
शाळेत त्याने मुलांना उपदेश केला,
काय केला ते त्यालाही आठवेना.
न्हावी पैसे घेईना, वस्तरा धरून भावुक होई.
तीन स्थळं आली, त्यातलं एक थेट पेडण्याहून.

संध्याकाळी मी गेले, खुलासा मागू नका म्हणून.
"पेपराची अब्रू आहे."
"आणि माझी? बाये, तांब्यापलीकडे
माझी पाण्याशी ओळख नाही.
आज्याने होडी विकून कुळागर घेतलं,
तेव्हापासून आमच्या घरात फक्त आडनाव तरंगतं."

सौदा ठरला. तो गप्प बसणार,
मी त्याला पोहायला शिकवणार.
अकरा रात्री, देवळामागच्या तळीत,
काखेत दोन असोले नारळ बांधून.
भांडलो मात्र पाण्यात कमी, पायरीवर जास्त.
तो म्हणे, तुमच्या अग्रलेखासारखे
पाय मारता येत नाहीत मला,
एकाच जागी, एवढा आवाज करून.

नारळ सुटायच्या आत चतुर्थी आली.
सांगोडाला प्रमुख पाहुणा कोण, तर हाच.
दोन होड्या जोडून फळ्या, वर गणपती,
ढोल, फटाके, आणि मधोमध दुलबा
शालीत गुंडाळलेला, देवाहून गंभीर.
काठावरून कुणी ओरडलं, "उडी दाखवा!"
तो हात जोडायला वाकला.

पुढचं मी पाहिलं नाही, कारण मी पाण्यात होते,
साडी, घड्याळ, चपला, पेनसकट.
शालीला धरून ओढला. बुडतानाही पुटपुटत होता,
"सातव्या पानावर... बारीक अक्षरात..."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पेपरात आठ कॉलमी:
तारी यांचा पुन्हा पराक्रम,
बुडत्या पत्रकार युवतीस जीवदान.
फोटोत माझ्या हातात त्याची मान,
त्याचे डोळे मिटलेले.
मथळा लिहिणाऱ्याला कसा दोष देऊ?
त्याचाही दीड वाजला असेल.

आठवड्याने बाजारात
तार्ले पानात बांधता बांधता नुस्तेकान्न म्हणाली,
"तूं पेपरांतली न्ही? त्या दिसा भुरग्यांक काडटना
म्हजीं दोन कांकणां उदकांत गेलीं.
कोणाक मेळ्ळीं जाल्यार सांग म्हण बरय."

मी वही काढली. हात ओला नसून शाई पसरली.
नाव विचारलं.
"नांव कित्याक? कांकणांचें बरय."

'हरवले आहे' सदरात दिलं.
आग्नेलने मोजलं,
बरोब्बर दोन इंच.