मुका खांब

आधी सहा साखळ्या, गोल मिटवायच्या.
मग एकेका टाक्यात दोन दोन मुके खांब.
हलगेकाकूंनी शिकवलं तेव्हा विचारलं होतं मी,
मुका का म्हणायचं ह्याला?
म्हणाल्या, सुईला वेढा न घेताच आत जातोय बघ.
उंच होत न्हाई, जाळी दिसू देत न्हाई,
पण बसतो घट्ट.

पिशवी मी मुक्या खांबांचीच करायला घेतली.

लोकर महाद्वार रोडची.
टोपरं करणार काय वहिनी, दुकानदार म्हणाला, मग बेबी पिंक न्या.
न्हाई म्हटलं, जरा काळपट दाखव,
अंजीर फोडल्यावर आत असतो तसला.
एवढ्याशा वस्तूला पन्नास ग्रॅम पुरली असती.
अडीचशे घेतली.
रिपोर्टात तेवढंच वजन लिहिलेलं.

डॉक्टर सज्जन माणूस.
दोन मुलं झाली, आता तिचं काम संपलं, म्हणाले.
मी मान हलवली.
मामंजी सूतगिरणीतनं रिटायर झाले
तेव्हा शाल, नारळ आणि चार भाषणं झालेली.
एकानं तर कविता वाचलेली.
हिची बरणी ह्यांनी राजारामपुरीच्या लॅबला नेली
स्कूटरच्या हुकाला अडकवून,
साडीच्या दुकानाच्या पिशवीतनं.
पिशवीत पिशवी.
बुधवार होता. सिग्नलला कुणीतरी वळखीचं भेटलं,
काय लागा, मटण काय?
हे त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितलं,
आणि हसता हसता उठून
मोरीतला नळ सोडायला गेले. बराच वेळ सोडून ठेवला.

पुण्याची नणंद फोनवर अजून चेष्टा करती,
तुम्ही कोल्हापूरच्या बायका
मी आलो, मी गेलो काय म्हणता गं?
जन्मभर तसंच बोलतो मी.
त्या आठवड्यात एकदाच,
कॉटवरनं 'मी उठतो' म्हणताना
जीभ अडखळली.
पोटावरच्या टाक्यांना हात धरला,
आणि उठलो.

आत कापूस भरायला जुनी उशी उसवली.
निम्मी भरल्यावर हात थांबला.
तिघं राहून गेलीत हितं.
दाखले दोघांचे हायत महापालिकेत.
तिसऱ्याच्या नावानं, म्हणजे नाव नव्हतंच,
एक टाका जास्तीचा घातला.
गोल एका अंगाला कलला.
उसवला न्हाई.

मग दोन नळ्या, बाहेर वाकलेल्या,
आणि त्यांच्या टोकाला एकेक बोंड.
ती दोन ठेवलीत डॉक्टरांनी,
म्हणून ती पिवळ्या लोकरीची.
लेकीनं बघितलं, मम्मी हे काय, म्हणाली,
आणि कळल्यावर शोकेसचं दार हळूच लावून घेतलं.

बेंदराच्या आदल्या दिवशी शेजारचा विश्वा आला,
सहा वर्षांचा, हाताला शाडू लागलेली.
गंगावेशीतनं आणलेली मातीची जोडी मांडत होतो.
त्यानं शोकेसकडं बोट केलं.
मावशी, बैल! शिंगांना शेंब्यापण हायत!
मी काय बोलणार.
ह्याचं पाय कुठायत?
बसलाय, म्हटलं.
दमलाय?
व्हय. लई वर्षं वढलंय त्यानं.
त्यानं खिशातला लाल गोंडा काढून एका शिंगाला बांधला
आणि त्याला जोडीच्या मधी बसवला, पाटावर.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा वास घरभर.
हे आंघोळ करून आले.
मातीच्या दोघांना हळदकुंकू लावलं,
आणि तिसऱ्यापाशी बोट थांबलं.
त्यांना ठाऊक होतं.
विश्वा वाट बघत उभा, लेक दारात.
लावू? म्हणाले.

लोकरीत कुंकू मुरतं,
कितीबी धुतलं तरी जात न्हाई.

लावा, म्हटलं.