कडता

सीपीआरमधनं आण्णांना घरी आणलं
तेव्हा त्यांच्याकडे शब्द उरले होते
मोजून तीसेक.
सगळे बाजारातले.

पाणी, भूक, ऊन, आईचं नाव, माझं नाव
गेलं.
राहिलं ते
शाहूपुरीत आदगोंडा शेटच्या गादीवर
चाळीस वर्षं पट्ट्या लिहिता लिहिता
बोटांत मुरलेलं :
आवक, उचल, तोलाई, हमाली,
विसार, वायदा, वर्ताळा, तूट.

स्पीच थेरपीची मुलगी यायची दर मंगळवारी
चित्रांचं पाकीट घेऊन.
कंगवा दाखवला. आण्णा म्हणाले, "कडता."
चमचा. "कडता."
छत्री. जरा थांबून, नीट विचार करून,
"कडता."
तिनं वहीत तीन फुल्या मारल्या.
मी तिला सांगितलं,
गुळाच्या रव्याला गुंडाळलेलं फडकं, गोणपाट,
त्याचं वजन धरत नाहीत, वजा करतात,
त्या वजावटीला म्हणायचं कडता.
ती म्हणाली, छान आहे हो,
पण हा कंगवा आहे.

हळूहळू मलाच यायला लागलं.
"आवक" म्हणजे दारात कुणीतरी आलंय.
"तूट" म्हणजे चहात साखर कमी.
"उचल" म्हणजे मला उठवून बसवा.
"वायदा" म्हणजे डॉक्टर,
हे जरा उशिरा कळलं.
आईला ते मुद्दल म्हणाले
असं काही गोड घडलं नाही.
आईला ते "शिल्लक" म्हणायचे,
आणि ती आतनं ओरडायची,
"व्हय, मीच एकटी शिल्लक हाय
ह्या घरात राबायला!"

बघायला येणारे यायचे, बसायचे,
पोह्यांची बशी खाली ठेवायचे,
बोलणं संपलं की म्हणायचे,
"बाकी काय आण्णा?"
गावाची सवयच ती, त्यात विचारणं काही नसतं.
आण्णा मात्र ते खरं धरायचे.
उजवा हात पडून,
डाव्यानं चादरीवर आकडे मांडायचे,
खाली रेघ ओढायचे
आणि रेघेखाली बोट तसंच धरून ठेवायचे
पाहुणा चपला घालून गेला तरी.

दसऱ्यानंतर गूळ यायला लागला
तेव्हा म्हादबा हमाल आला.
सत्तरीचा. पाठीला रव्याचा बाक.
गुळाची पुडी आईच्या हातात दिली,
खाटेवर बसला,
बाकी काय म्हणाला नाही.
खांद्यावरचा टॉवेल काढून
आण्णांच्या डाव्या हातावर टाकला
आणि आपला हात खाली घातला.

पूर्वी सौदे असे व्हायचे म्हणे,
कापडाखाली, बोटं धरून,
भाव ओठावर न आणता.

टॉवेल हलत होता.
म्हादबा मान हलवत होता,
न्हाई, न्हाई, परवडत न्हाई.
आण्णांनी परत काहीतरी धरलं.
म्हादबा हसला, मग हसायचा थांबला,
खिडकीतनं बाहेर बघत बसला
टॉवेलाखालचा हात तसाच ठेवून.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या मध्ये.
शेवटी "ठरलं" म्हणाला,
टॉवेल झटकला,
खांद्यावर टाकायच्या आधी तोंडावरनं फिरवला.

जिन्यात मी विचारलं, कितीला ठरलं मामा?
आणि काय ठरलं?
"ते सांगत्यात व्हय?" म्हणाला.
"सौदा हाय तो."

रात्री आई झोपल्यावर
मी दोरीवरचा पंचा आणला,
आण्णांच्या हातावर टाकला, हात खाली घातला.
बराच वेळ काही नाही.
मग त्यांनी माझी दोन बोटं धरली.
दोन? वीस? दोनशे?
कशाचे, कुणाला द्यायचे,
आणि कडता किती?
मला ती भाषा येत नाही.
एवढंच कळलं होतं
की पहिल्या भावाला हो म्हणायचं नसतं.
मी मान हलवली,
परवडत नाही.

त्यांनी आणखी एक बोट धरलं.